नावात तफावत

आजा शुक्रवारी जन्मला म्हणून सुकरू.
शेहेचाळीस सालच्या दाखल-खारीज रजिस्टरात
मास्तरांनी, कोणत्या लहरीत कोण जाणे, लिहिलं: सुखरू.
खिडकीतल्या बाईंनी लाल पेनानं शेरा मारला:
नावात तफावत. पुरावा जोडा.
पन्नासच्या आधीचा.

जोडते. मला सवय आहे.
अमरावती रोडच्या कॅम्पसमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या तोंडाशी माझं टेबल,
टेबलावर शिवालिकच्या मातीतल्या सव्वाशे दाढा.
कूळ: वराह.
प्रजाती, पेन्सिलनं: नंतर ठरवू.

आमच्यात दातांवरून ठरतं.
पेकरी घ्या. राहते अमेरिकेत,
लोळते चिखलात, मुसंडी मारते तश्शीच.
पण तिचा वरचा सुळा वर वळत नाही,
सरळ खाली येतो. झालं, वेगळं कूळ.
कोट्यवधी वर्षांपूर्वी चूल मांडली वेगळी
ती आजवर एका पंगतीला नाही.

पाणघोड्याचं नाव आधी डुकरांच्याच रेशनकार्डावर.
मग रक्त तपासलं, तर निघाला देवमाशाचा भाऊ.
त्याला कुणी विचारलं नाही.
तो नाकपुड्या वर काढून पाण्यात, होता तसाच.

आसामातलं बुटकं रानडुक्कर, बोक्याहून जरासं मोठं,
त्याला आधी स्वतंत्र नाव दिलं,
मग काढून घेतलं,
दीडशे वर्षांनी परत दिलं. तोवर उरली थोडीच.

आणि राजुऱ्याच्या आत्याची पोरं.
वर्धा ओलांडली की आमचीच माणसं दुसऱ्या यादीत.
नदी उन्हाळ्यात गुडघाभर असते.

नेब्रास्कात एकदा एक झिजकी दाढ सापडली.
तिच्यावरून अख्खा माणूस जाहीर झाला,
चित्रकारानं त्याला बायकोही काढून दिली.
पाच वर्षांनी कळलं, पेकरी.
प्रमाणपत्र रद्द.
चित्रातली बाई मात्र अजून कंदमुळं शोधत वाकलेली.

आजाचं वर्गीकरण निराळं होतं.
कानफाटी. चोट्टी. पावसाला भिणारी.
कळमन्याच्या ढिगातली सडकी संत्री सालासकट गिळणारी,
आणि एक, जी साल नीट बाजूला थुंकायची,
तिला तो मास्तरीण म्हणायचा.
नाग नदीच्या काठावर सांजेला डबडं वाजवलं
की बावीस थुतरं आपापल्या नावाला वळायची.
मी पाहिलंय. एकाही नावात तफावत नव्हती.

महानगरपालिकेची गाडी आली त्या दिवशी
पावती मिळाली: डुकरे, नग बावीस.
मालक: सुकरू. 'क'नं, स्वच्छ.
वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ती पेटीत जपली.
बाईंनी कागद उलटापालटा केला.
"हे तर सत्त्याऐंशीचं."
मग, अगदी हळू, "वास येतो का हो अजून याला?"
नाही म्हटलं. येत होता. मला आवडतो.

एक दाढ कुठल्याच रकान्यात बसत नाही.
कड जाड, पुढचा उंचवटा दुभंगलेला,
ऐंशी लाख वर्षं पन्नासच्या आधीची,
आणि तिला कुणी काही विचारत नाही.
बारापात्रे मॅडम म्हणाल्या,
"एका दाढेवर बारसं नको, पोरी. नेब्रास्का आठव."
त्यांच्या घरीही पडताळणीची फाइल आहे,
तिसऱ्या पिढीत पोचलेली.
त्या थोडं थांबल्या.
"पण ठेवशील तेव्हा अक्षर बघून ठेव.
आपल्यात पहिल्यांदा छापलं तेच चालतं,
पुढं कुणालाही सहजी बदलता येत नाही."

दाढ डबीत ठेवली. डबीवर पट्टी चिकटवली.
पेन्सिलनंच लिहिलं, खोडता येईल असं.
फक्त 'क' जरा दाबून गिरवला,
खोडला तरी कागदावर वळ राहील इतका.

उद्या अकरा वाजता सुनावणी.
झेरॉक्स दोन प्रती.